पोटरीची मुदत

ज्या प्रदेशात पावसाचा भरवसा नाही, शेतीचे तुकडे पिढीगणिक लहान होत गेले आहेत आणि कारखानदारी मोजकीच आहे, त्या प्रदेशात सरकारी गणवेश हा कुटुंबाच्या स्थैर्याचा सर्वांत खात्रीचा दस्तऐवज मानला जावा, हे स्वाभाविकच होय. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांना या गणवेशाचे दर्शनही जवळून घडते. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, लातूरलगतच्या बाभळगावी राज्य पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. आणि आसपासच्या खेड्यापाड्यांतून, तशीच शहरांतल्या भाड्याच्या खोल्यांतून, असंख्य मुले-मुली उजाडण्यापूर्वी उठून डांबरी रस्त्यांवर धावू लागतात. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे गुण ५०; त्यांत पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटर धावण्याचे १५ आणि गोळाफेकीचे १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पायांच्या हवाली. आणि पायांतही त्या गुणांचा फार मोठा वाटा गुडघ्यामागून टाचेकडे उतरणाऱ्या त्या मांसल भागाच्या हवाली, ज्याला पुस्तकात पोटरी आणि आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात पिंडरी म्हणतात. ही पोटरी ऐन भरतीच्या तोंडावर दुखावली, की त्या घराने दोन-तीन वर्षे केलेली सारी तजवीज एका क्षणात तहकूब होते. म्हणून वैद्यकशास्त्राच्या मोठ्या ग्रंथांत या दुखापतीला चार-दोन पानांपेक्षा अधिक जागा मिळत नसली, तरी येथे तिचा विचार सावकाशीने व्हावा, असे मला मनापासून वाटते.

दुखापतीची हकीकत बहुधा एकाच साच्याची असते. शंभर मीटरच्या सुरुवातीला, शिट्टी वाजताच, मागचा पाय जमिनीला रेटून शरीर पुढे झेपावत असताना, पोटरीच्या आतल्या बाजूस वरच्या भागात काहीतरी तटकन तुटल्यासारखे होते. पुष्कळांना तर मागून कोणी काठी मारली असे वाटून ते वळून पाहतात, आणि मागे कोणीच नसते. त्यानंतर टाच टेकवत नाही, चवड्यावर भार देववत नाही, आणि एक-दोन दिवसांत काळानिळा डाग घोट्यापर्यंत उतरतो. बघणारे म्हणतात, नस चढली. आणि येथेच पहिली गफलत होते. पोटरीत गोळा येणे ही स्नायूची आकसण्याची क्रिया असते, ती ताणल्याने आणि चोळल्याने काही मिनिटांत उतरते. तंतू फाटणे ही जखम असते, फक्त ती कातडीच्या आत असल्यामुळे दिसत नाही, आणि जखमेला जो न्याय लागू होतो तोच तिला लागू होतो. गोळा समजून फाटलेल्या पोटरीला जोराने ताण देणारे मित्र सद्भावनेनेच ते करतात, पण त्यांच्या हातून अर्धी फाटलेली गोष्ट आणखी फाटण्याचा संभव असतो.

केवळ भरतीच्या मुलांनाच हे भोगावे लागते असे मात्र नाही. किंबहुना या दुखापतीचा सर्वांत ठराविक धनी म्हणजे पस्तिशी-चाळिशी ओलांडलेला, एरवी खुर्चीवर बसून काम करणारा आणि वर्षातून एखादेच दिवशी अंगात उसने तारुण्य आणणारा गृहस्थ होय: शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांच्या शर्यतीत उतरणारा, रविवारी बॅडमिंटनच्या जाळीपाशी झेप घेणारा, नांदेडच्या होला महल्ल्यात हल्लाबोलाच्या लोंढ्याबरोबर एकाएकी धाव घेणारा. माहूरच्या गडावर रेणुकेच्या पायऱ्या भरभर चढून गेलेल्यांच्या, अथवा आश्विनी पौर्णिमेला तुळजापूरची वाट पायी तुडवणाऱ्यांच्या पोटऱ्या दुखतात त्या बहुतेक श्रमानेच, आणि ते दुखणे विश्रांतीने ओसरते. पण त्या थकलेल्या पोटरीवर शेवटच्या टप्प्यात घाई लादली, तर तीही दगा देऊ शकते.

पोटरी म्हणजे एक स्नायू नव्हे. वरवर दिसणारा, दोन तोंडांचा, तो गॅस्ट्रोक्निमियस. तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो आणि म्हणून गुडघा व घोटा असे दोन सांधे ओलांडून जातो. त्याच्याखाली दडलेला, रुंद आणि चिवट, तो सोलियस. तो नडगीच्या हाडांपासून निघतो आणि एकट्या घोट्याची चाकरी करतो. दोघेही खाली येऊन टाचेमागच्या एकाच जाड कंडरेत विलीन होतात, जिला पाश्चात्य वैद्यक अकिलिसच्या नावाने ओळखते. वरचा स्नायू वेगाचा आहे, त्यात जलद आकुंचन पावणारे तंतू भरपूर. खालचा सहनशक्तीचा आहे, त्यात मंद तंतूंचे प्राबल्य, आणि तासन्‌तास उभे राहण्याचे व दूरवर चालण्याचे ओझे मुख्यत्वे तोच वाहतो. गुडघा सरळ असताना आणि घोटा वर मुडपत असताना वरच्या स्नायूला एकाच वेळी दोन्ही टोकांकडून ओढले जाते, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण त्याला आकसण्याचा हुकूम देतो. अशा वेळी त्याच्या आतल्या तोंडाचे तंतू, जेथे मांस संपून कंडरा सुरू होते त्या सीमेवर, तुटतात. याच कारणाने शंभर मीटरची शर्यत वरच्या स्नायूला अधिक घातक, तर रोज लांब पल्ला धावणाऱ्याच्या खालच्या स्नायूत दुखणे हळूहळू, चोरपावलांनी शिरते, आणि त्याला आपण नेमके केव्हा दुखावलो हे सांगताही येत नाही.

आपल्या पूर्वजांनाही या जागेचे महत्त्व ज्ञात होते. सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मे गणली, त्यांत जंघेच्या मध्यभागी इंद्रबस्ति नावाचे मर्म सांगितले, त्याला मांसमर्मांत स्थान दिले आणि तेथील आघाताने होणाऱ्या रक्तक्षयाचा धोका नोंदवून ठेवला. युरोपात या दुखापतीचे पहिले सविस्तर वर्णन १८८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि त्या काळी तेथील उच्चभ्रू समाजात टेनिसचे वेड असल्यामुळे तिला टेनिसपटूचा पाय असे नाव पडले. पुढे कितीतरी दशके असा समज रूढ राहिला की, यात प्लँटारिस नावाची एक बारीक, जवळजवळ निरुपयोगी कंडरा तुटते. ध्वनिलहरींनी आतले चित्र दाखवणारी सोनोग्राफी आली आणि तो समज ढासळला: २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १४१ रुग्णांच्या पोटऱ्या पाहिल्या गेल्या, तेव्हा प्लँटारिस तुटलेले रुग्ण अवघे दोन निघाले, दोन-तृतीयांशांत गॅस्ट्रोक्निमियसचे आतले तोंड फाटलेले होते, आणि, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे, १४ जणांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी झालेली आढळली.

त्या १४ जणांमुळेच मला येथे मालिशीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. ज्या लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा रुस्तुम-ए-हिंद मल्ल देशाला दिला, तेथे तालमीतल्या मालिशीचे शास्त्र मुरलेले असणारच, आणि थकलेल्या, आखडलेल्या अंगाला त्या हातांनी जो आराम मिळतो तो खराच असतो. परंतु ताज्या फाटलेल्या पोटरीला पहिल्या दिवसांत गरम तेलाने रगडले, तर थांबू पाहणारा रक्तस्राव पुन्हा वाढतो, क्वचित त्या गोठलेल्या रक्तात पुढे हाडासारखी कठीण गाठही तयार होते; आणि दुखणे स्नायूचे नसून शिरेतल्या गुठळीचे असेल, तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, आंबेहळदीचा गरम लेप, वाळूची पोटली, यांना जागा आहे, पण ती आठवड्यानंतरची. पोटरी दिवसेंदिवस अधिक सुजत असेल, गरम आणि ताठ लागत असेल, दुखापतीचा निश्चित क्षण आठवत नसेल, किंवा दम लागून छातीत दुखू लागले, तर घरगुती उपायांत एक तासही न दवडता इस्पितळ गाठावे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, या दोन्ही ठिकाणी याची तपासणी होऊ शकते.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी पाहून घ्यावी लागते. रुग्णाला पालथे निजवून, पावले खाटेच्या कडेबाहेर सोडून, पोटरी हाताने हळू दाबली, तर पाऊल आपोआप खाली झुकते. ते मुळीच हलले नाही, तर टाचेची कंडराच तुटली असण्याचा संभव बळावतो, आणि तो मामला अस्थिशल्यज्ञाच्या अखत्यारीतला होय. तसे नसेल तर उरते ती पोटरीची जखम, आणि तिचे पहिले दोन-तीन दिवस साधेपणाने काढावेत: धावणे तत्काळ बंद, पायाला बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत लवचीक पट्टी, बसताना-निजताना पाय उशीवर उंच, वेदना शमवण्यापुरता कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे दिवसातून काही वेळा, आणि दोन्ही चपलांत वा बुटांत टाचेखाली छोटी गादी, म्हणजे प्रत्येक पावलागणिक जखमेला बसणारा ताण कमी होतो. वेदना असह्य असेल तर पॅरासिटामॉल पुरते. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनसारखी गोळी औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणू नये. मात्र जे आधीपासून हृदयविकारासाठी ती घेत असतील त्यांनी ती आपल्या मनाने बंदही करू नये.

विश्रांती किती आणि हालचाल केव्हा, या यापुढच्या गोष्टीबद्दल जनमानसात आणि काही प्रमाणात वैद्यकातही दीर्घकाळ गोंधळ राहिला. १९७८ साली गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे या चार उपायांची एक सुटसुटीत चतुःसूत्री लोकप्रिय केली, आणि ती जगभरच्या मैदानांवर आज्ञेसारखी पाळली गेली. पुढे २०१४ मध्ये खुद्द मिर्किन यांनीच लिहिले की, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास विलंब लागू शकतो. ज्या माणसाच्या नावावर एक मत रूढ झाले त्याने ते उघडपणे दुरुस्त करावे, याला मी विद्येची फार मोठी सचोटी समजतो. जखमेनंतर येणारी सूज हे निव्वळ संकट नसते. तुटलेल्या तंतूंचा मलबा हटवणाऱ्या पेशी त्याच वेळी तेथे रुजू होतात, आणि त्यांच्या मागोमाग स्नायुतंतूंच्या कडेला सुप्तावस्थेत असलेल्या, १९६१ मध्ये प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली ओळखल्या गेलेल्या, उपग्रह पेशी जागृत होऊन नवे तंतू घडवू लागतात. या घडणीला दिशा लागते, आणि ती दिशा त्यांना मिळते हालचालीतून. स्नायू निश्चल ठेवला तर भरून आलेला डाग आडवातिडवा विणला जातो. बेताचा ताण मिळाला तर तंतू ओढीच्या रेषेत रांगेने उभे राहतात. फुटलेल्या बांधाला नव्याने घातलेली माती जशी एकाच पावसात पक्की होत नाही आणि पाणी मुळीच न लागता कोरडी ठेवली तरी बसत नाही, थोड्या-थोड्या पाण्यानेच ती दाबली जाऊन घट्ट होते, तसाच या डागाचा प्रकार आहे.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा डेन्मार्कमधून आला. कोपनहेगनच्या संशोधकांनी मांडीचा वा पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाचा व्यायाम दुखापतीनंतर दोन दिवसांनी सुरू केला, दुसऱ्याचा नऊ दिवसांनी, आणि पुढचा क्रम दोघांना सारखाच दिला. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: लवकर आरंभ करणारे खेळाडू वेदनारहित होऊन खेळात परतले ते मध्यकानुसार ६२.५ दिवसांत, उशिरा आरंभ करणारे ८३ दिवसांत. सुरुवातीच्या सात दिवसांच्या फरकाने शेवटी वीस दिवसांचे अंतर पडावे, ही बाब मला विलक्षण उद्बोधक वाटते. आणि तितकेच उद्बोधक हे की, ज्यांनी सारे वेळेवर केले त्यांनाही दोन महिने लागले. आमच्याकडे मात्र मुलगा आठ दिवस खाटेवर पडून राहतो, नवव्या दिवशी चालताना दुखत नाही म्हणून दहाव्या दिवशी स्टेडियमवर पूर्ण वेगाने धावतो, आणि अकराव्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवसावर येतो.

व्यायामाला साधने जवळजवळ लागतच नाहीत, आणि ही या दुखण्यातील मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे. पहिल्या दिवसांत बसल्या जागी पाऊल वर-खाली हलवणे, वेदना ज्या सीमेवर सुरू होते तिच्या अलीकडेच थांबणे. मग खुर्चीवर बसून टाचा उचलणे. ते सहज जमू लागले की गुडघ्यावर ज्वारीची चार-पाच किलोंची पिशवी ठेवून तेच करणे, कारण गुडघा वाकलेला असताना काम मुख्यतः सोलियस करतो आणि फाटलेल्या वरच्या स्नायूला उसंत मिळते. त्यानंतर भिंतीला हात टेकून दोन्ही पायांवर उभे राहून टाचा उचलणे, पुढे दोन्ही पायांनी वर जाऊन दुखऱ्या एका पायावर सावकाश खाली येणे, आणि शेवटी एकाच पायावर वर आणि खाली. घराच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच पायरीच्या पातळीखाली हळूहळू उतरवणे हा या साऱ्यांतला सर्वांत गुणकारी भाग, कारण स्नायू लांबत असताना भार पेलण्याची त्याची ताकद याच मार्गाने परत येते, आणि तो फाटला होता तोही लांबत असतानाच. किती करावे याचा निवाडा दुसऱ्या दिवसाची सकाळ देते: व्यायामाच्या वेळी किंचित जाणवले आणि सकाळपर्यंत विरले, तर पुढे सरकावे, सकाळी पलंगावरून उतरताना पोटरी आदल्या दिवसापेक्षा अधिक ताठलेली असेल, तर एक पायरी मागे यावे. निरोगी तरुणाला एका पायावर सुमारे २५ वेळा टाच पूर्ण उंचीपर्यंत उचलता येते. दुखऱ्या पायाची संख्या आणि उंची दुसऱ्या पायाच्या बरोबरीला येईपर्यंत धावण्याचा विषयच काढू नये. बरोबरीला आली, की दोरीवरच्या उड्या, मग मातीच्या मैदानावर चालणे आणि मंद धावणे आलटून-पालटून, मग १६०० मीटर संथ गतीने, आणि सर्वांच्या शेवटी, बाकी सारे निर्धास्तपणे जमू लागल्यावर, शंभर मीटरची झेप. लातुरात भौतिकोपचाराचे महाविद्यालयच असल्यामुळे हा क्रम जाणकाराच्या नजरेखाली पार पाडणे तेथील मुलांना अशक्य नाही.

किती दिवस, हा प्रश्न प्रत्येक जण पहिल्या मिनिटाला विचारतो. थोडेच तंतू दुखावले असतील तर एक ते तीन आठवडे, बराच भाग फाटला असेल तर सहा-आठ आठवडे, पूर्णच फाटला असेल तर तीन महिने आणि त्याहूनही अधिक. यात पैशाने वा प्रतिष्ठेने मुदतीत सवलत मिळत नाही. २ फेब्रुवारी २०२० रोजी न्यूझीलंडमध्ये माऊंट माँगानुईच्या मैदानावर, नागपूरजवळ जन्मलेला आणि बोरिवलीत क्रिकेट शिकलेला रोहित शर्मा ६० धावांवर पोटरी दुखावून मैदानाबाहेर गेला. जगातील सर्वांत संपन्न क्रिकेट मंडळाचे डॉक्टर दिमतीला असूनही त्याला त्या दौऱ्यातील उरलेले एकदिवसीय सामने आणि दोन्ही कसोट्या सोडून परतावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकी बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरँट पोटरीच्या दुखापतीनंतर सुमारे महिन्याभराने अंतिम फेरीतील निर्णायक क्षणी मैदानात उतरला, बाराच मिनिटे खेळला, आणि त्याच पायाची अकिलिस कंडरा तुटून पुढचा संपूर्ण हंगाम त्याला गमवावा लागला. पोटरीच्या दुखण्यानेच कंडरा तुटली असे शपथेवर कोणी सांगू शकत नाही. पण अपुऱ्या बळाच्या पोटरीवर परमावधीचा भार टाकण्याची किंमत किती असू शकते, याचा हा दाखला नजरेआड करण्याजोगा नाही.

“सर, ग्राउंड पंधरा दिवसांवर आलंय,” असे म्हणणाऱ्या मुलाला हे दाखले देणे सोपे नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. क्रिकेटपटूचा एक दौरा हुकतो. या मुलाची वयोमर्यादा हुकते, बापाने काढलेले कर्ज फिटायचे राहते, बहिणीचे लग्न लांबते. मुलींच्या बाबतीत तर दुखणे घरी सांगितले की धावणेच बंद होईल, या भयाने ते लपवले जाण्याची शक्यता अधिक. अशा वेळी केवळ ‘विश्रांती घे’ म्हणून हात झटकणे मला निर्दयपणाचे वाटते. दुखापत सौम्य असेल आणि हाती तीन आठवडे असतील, तर वरच्या क्रमाने चाललेल्या उमेदवाराला चाचणी देता येण्याची आशा असते. मध्यम असेल आणि हाती पंधरवडाच असेल, तर १६०० मीटर कदाचित सांभाळून पूर्ण होईल, पण शंभर मीटरच्या आरंभी पोटरी पुन्हा फाटण्याचा धोका मोठा, आणि तो धोका पत्करायचा की पुढच्या भरतीची वाट पाहायची, हा निर्णय उमेदवाराने, त्याच्या घरच्यांनी आणि प्रशिक्षकाने जाणकार डॉक्टरांसमोर बसून घ्यावा, वेदनाशामक सुई टोचून मैदानाच्या दाराशी घेऊ नये. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्यांकडे माझ्या दोनच मागण्या आहेत, आणि त्या त्यांच्या शुल्काच्या मानाने मुळीच भारी नाहीत: प्रत्येकीने आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्टला मैदानावर बोलवावे, आणि डांबरी रस्त्यावरचा सराव कमी करून मातीवरचा वाढवावा.

ज्याची पोटरी एकदा फाटली त्याची पुन्हा फाटण्याची शक्यता इतरांहून अधिक असते. वय आणि जुनी इजा, ही दोन कारणे या विषयाच्या अभ्यासांत अग्रभागी येतात. वयावर इलाज नाही. जुन्या इजेवर आहे, आणि तो असा की धावणे पूर्ववत सुरू झाल्यावरही पायरीवरचा तो व्यायाम, सरळ गुडघ्याने आणि वाकलेल्या गुडघ्याने, आठवड्यातून दोन-तीन वेळा निदान सहा महिने चालू ठेवावा. थंडीच्या पहाटे दहा मिनिटे चालून आणि संथ धावून अंग तापल्याखेरीज वेग घेऊ नये. आणि झिजलेल्या टाचांचे बूट, कितीही जिवाभावाचे असले तरी, भरतीच्या दिवसासाठी राखून ठेवू नयेत.